सवयीचा हात

ज्या वस्तूवर आपला जीव अवलंबून असतो, तिचे नाव आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. ‘टाय रॉड एंड’ हे शब्द आम्ही प्रथम ऐकले ते २००७ सालच्या दिवाळीनंतर, बेळगावच्या उद्यमबागेतील एका गॅरेजच्या दाराशी. आणि घरी पोचेपर्यंत ते विसरूनही गेलो. पुढे सहा महिन्यांनी कणकुंबीला माउलीच्या देवळासमोर त्यांची आठवण झाली. ती हकिकत आज सांगावीशी वाटते. तिच्यात आमचा गौरव होईल असे काहीच नाही, पण वाचकांपैकी ज्यांच्या दारात मोटार उभी आहे त्यांना तिचा थोडाफार उपयोग व्हावा.

आमच्या वडिलांना घरात सगळेच अण्णा म्हणत. १९९६ साली सेवानिवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी पांढरी मारुती ८०० घेतली. तोपर्यंत टिळकवाडीतील आमच्या घराला दोन सायकली आणि एक स्कूटर एवढेच वैभव माहीत होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अण्णा मोटार चालवायला शिकले आणि उत्तम शिकले. रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसावी, पाणी आणि तेल पाहावे, आणि मगच चहा घ्यावा, असा त्यांचा नेम. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना फारसा खपत नसे. आम्ही चालवीत असू, पण ते त्यांच्या संमतीने आणि बहुधा त्यांच्या शेजारी बसून.

बेळगावची कितीतरी घरे गोव्याशी नात्यांनी बांधलेली आहेत. कुणाचे माहेर तिकडचे, कुणाचे कुलदैवत. आमची कुलस्वामिनी कवळ्याची शांतादुर्गा. दर वर्षी वैशाखात तिच्या दर्शनाला जायचे, ही अण्णांनी गाडी आल्यापासून घालून दिलेली रीत. आरंभी आम्ही अनमोडच्या घाटाने जात असू; पुढे रस्ता बरा झाल्यावर जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याचा घाट उतरून साखळीमार्गे जाऊ लागलो. चोर्ल्याचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि मधून वळणांमागून वळणे.

आता त्या दिवाळीकडे वळू. गाडी सर्व्हिसिंगला देऊन संध्याकाळी आणायला आम्ही गेलो होतो. मेस्त्रींनी पुढच्या डाव्या चाकामागे बोट दाखवले. “सर, ह्या टाय रॉड एंडचा रबर फाटलाय बघा. आतलं ग्रीस सगळं बाहेर आलंय. बदलूनच टाकूया की.”

आम्ही विचारले, “अजून चालेल ना?”

“चालंल की. पण किती दिवस, ते सांगता येत नाही.”

त्यातले पहिले दोन शब्द आम्ही ऐकले आणि पुढचे सोडून दिले. वस्तू काही शे रुपयांची. पण दिवाळीचा खर्च नुकताच झाला होता, कन्येच्या शाळेची फी भरायची होती आणि मनुष्याला अशा वेळी कारणांचा तोटा पडत नाही. ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून आम्ही पैसे चुकते केले. अण्णांना यातले काही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर ते दुसऱ्याच दिवशी गाडी परत घेऊन गेले असते.

२००८ च्या मे महिन्यात आमचा भाचा सुटीसाठी पुण्याहून आला. आजोबांची परवानगी काढून तो एके दिवशी गाडी घेऊन खानापूरला जाऊन आला आणि आल्याबरोबर म्हणाला, “आजोबा, स्टेअरिंगला प्ले आहे. गाडी सरळ ठेवायला सारखं इकडंतिकडं करावं लागतं. आणि खड्ड्यात खट्खट् असा आवाज येतो.”

अण्णा हसले. “अरे, बारा वर्षे मी ही गाडी चालवतो आहे. तिची खोड मला ठाऊक. तुझा हात अजून बसलेला नाही.”

भाचा ओशाळला आणि गप्प बसला. आम्हीही वर्तमानपत्रात डोके घालून गप्प बसलो. दिवाळीतले बोलणे त्या वेळी आठवले नाही, असे लिहिता आले असते; परंतु ते खरे नाही. ओझरते आठवले होते. कवळ्याहून परत आल्यावर पाहू, असे आम्ही मनाशी ठरवले.

त्या आठवड्याच्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. अण्णा चालवीत होते, शेजारी भाचा. मागे आई, आमच्या सौभाग्यवती आणि आम्ही. अकरा वर्षांची कन्या आजीच्या मांडीवर. लहान गाडीत सहा माणसे कोंबून नेण्यात त्या काळी कुणाला काही वावगे वाटत नसे. जांबोटीच्या पुढे एका खड्ड्यात डावे चाक जोरात आपटले. आई “अगो बाई!” म्हणाली आणि गाडी पुढे गेली.

कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. तेथे माउलीचे दर्शन घ्यायचे, चहा घ्यायचा आणि मग घाट उतरायचा, हाही रिवाजच. दर्शन झाले, चहा झाला, सगळे गाडीत बसलो. रस्त्यावर येण्यासाठी अण्णांनी स्टेअरिंग पुरते फिरवले आणि खाली ‘खट्ट’ असा आवाज झाला. गाडी दोन हात सरकून अडली. उतरून पाहतो तो उजवे चाक वळलेले, आणि डावे मात्र भलतीकडेच तोंड करून उभे! एकाच गाडीची दोन चाके दोन दिशांना पाहत होती. स्टेअरिंग हलवले की उजवे तेवढे हलत होते.

गाडी माणसाच्या चालीने चालली होती, म्हणून कुणाला खरचटलेदेखील नाही. पण पुढे काय होते ते सगळ्यांच्याच मनात एकदम आले. सौभाग्यवतींनी कन्येला जवळ ओढले. हेच अर्ध्या तासाने घाटात झाले असते, तर हा लेख लिहायला आम्ही उरलो नसतो.

अण्णा बराच वेळ त्या चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मघाच्या खड्ड्यात मीच घातली. पूर्वी असा खड्डा मला दुरून दिसत असे. अंदाज चुकायला लागला माझा.” आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी आमच्या हातात ठेवली. “आजपासून तू चालव. माझे पुरे झाले.”

आम्ही किल्ली घेतली आणि काही बोललो नाही. गाडी कोठे मोडली ते कुणालाही दिसत होते. आम्ही कोठे मोडलो ते फक्त आम्हाला ठाऊक होते.

बेळगावकडे जाणाऱ्या बसमधून भाचा परत गेला आणि दुपारी मेस्त्रींच्या मोटारसायकलवर मागे बसून आला. त्याने केवळ ‘चाके दोन दिशांना गेली’ एवढे सांगितले होते; तेवढ्यावरून मेस्त्री नवी जोडी, हत्यारे आणि एक लाकडी ठोकळा पिशवीत भरून घेऊन आले होते.

या वस्तूचे काम थोडक्यात असे. आपण स्टेअरिंग फिरवतो तेव्हा खाली एक दात्यांची आडवी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक सळई असते, ती टाय रॉड. सळईच्या बाहेरच्या टोकाला, चाकाच्या हाताशी जोडणारा जो सांधा, तो टाय रॉड एंड. त्याच्या पोटात पोलादी गोळा एका वाटीत बसवलेला असतो, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा. चाक खाली-वर होते, आत-बाहेर वळते. त्या सगळ्या हालचालीत सांध्याने फिरायचे, पण ढिले मात्र पडायचे नाही. वाटीत ग्रीस असते आणि तोंडावर रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर येते, धूळ आणि पावसाचे पाणी आत जाते, आणि त्या धुळीनेच गोळा व वाटी एकमेकांना घासू लागतात. घासता घासता वाटीचे तोंड मोठे होते, आणि एके दिवशी गोळा वाटीतून निसटतो. मग त्या चाकाला स्टेअरिंगचा हुकूम पोचत नाही.

दोन चाके वेगवेगळ्या खुंट्यांवर फिरवून त्यांना सांध्यांनी जोडण्याची ही युक्ती मोटारीहूनही जुनी आहे. म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने ती घोडागाडीसाठी शोधली, आणि लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ साली तिचे पेटंट घेतले. बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तेही त्याच साली.

मेस्त्रींनी मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक लावला आणि गाडीखाली ठोकळा सरकवला. “नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली जायचं नाही,” असे ते भाच्याला म्हणाले. चाक निघाले तेव्हा फाटक्या रबराच्या चिंध्या आणि कोरडी, लालसर गंजलेली वाटी सगळ्यांना दिसली.

“काका,” मेस्त्री अण्णांना म्हणाले, “ही आजची मोड न्हवं. खड्ड्याचं निमित्त झालं. दिवाळीतच रबर गेला होता. सरांना बोललो होतो की मी.”

सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “होय अण्णा, सांगितले होते. मीच टाळले.” ‘आम्ही’ हा शब्द अशा वेळी कामाला येत नाही.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आणि मघाशी मी किल्ली दिली, तेव्हा का बोलला नाहीस?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मेस्त्रींना विचारले, “पण मग माझ्या हाताला कसे कळले नाही? मी रोज चालवतो.”

“रोज चालवताय म्हणूनच, काका. झीज रोज इवलीइवली होत्या, हात रोज तेवढाच सरकून घेतो. सवयीच्या हाताला कळत नाही. नव्या हाताला एका फेरीत कळतं.”

अण्णांनी भाच्याकडे पाहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बोलला होतास तू,” ते म्हणाले. भाच्याने मान खाली घातली.

मेस्त्रींचे काम आम्ही मग शेजारी बसून पाहिले. त्यांनी सळईवरचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले, गंजावर तेल सोडले, लॉकनट थोडा सैल केला. जुना सांधा सळईवरून फिरवून काढताना फेरे मोजायचे काम कन्येला दिले. अठरा भरले. नवा सांधाही अठरा फेरे आत बसवला, कारण फेरे कमीजास्त झाले की सळईची लांबी बदलते आणि चाक तिरपे राहते. निसटलेल्या गोळ्याची खुंटी चाकाच्या हातातील निमुळत्या भोकात घट्ट रुतली होती. तिच्या आट्यांवर न मारता, भोकाच्या कडेवर बाजूने हातोड्याचे दोन ठोके दिले, तशी ती सुटली. उजव्या बाजूचा सांधा अजून शाबूत होता. तो पुलर लावून काढला. एक बाजू झिजली की दुसरीही त्याच वयाची असते, म्हणून जोडी बदलणे बरे, असे त्यांचे मत पडले.

जुना आणि नवा सांधा त्यांनी अण्णांच्या दोन हातांत दिला. नव्याची खुंटी हलवायला बोटांना जोर लागत होता. उजवीकडचा जुना नुसता आडवा धरला तरी त्याची खुंटी आपल्याच वजनाने लुळी पडत होती. मोडण्यापूर्वीची अवस्था कशी असते ते त्यात दिसले.

शेवटी खाचांचा नट आवळून त्यात नवी स्प्लिट पिन घातली. नटाची खाच आणि खुंटीचे भोक समोरासमोर येईना, तेव्हा मेस्त्रींनी नट किंचित आणखी आवळला. “खाच जुळवायला नट मागं घ्यायचा नाही, पुढंच न्यायचा,” ते म्हणाले. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही, हेही त्यांनी बजावले. फेरे मोजून बसवले तरी ते काम घर गाठण्यापुरतेच. नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, नाहीतर नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत एका कडेने खाल्ले जातात.

त्या दिवशी कवळ्याला जाणे झाले नाही. परतताना आम्ही किल्ली अण्णांपुढे धरली. त्यांनी ती घेऊन भाच्याला दिली. स्वतः मागे बसले आणि वाटभर डोळे मिटून होते. पुढचे पंधरा दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी ओले फडके घेऊन ते बाहेर गेले, गाडी पुसली, आणि चहाच्या वेळी घरातल्या सर्वांना एक नियम सांगितला. महिन्यातून एकदा आपल्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी गाडी चालवायची, आणि जे जाणवेल ते स्पष्ट सांगायचे. सांगणाऱ्याला कुणी हसायचे नाही. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि खंडेनवमीला, पुढची चाके उचलून पाहायची. पाडवा पावसाळ्यापूर्वी येतो, खंडेनवमी पावसाळ्यानंतर. खंडेनवमीला हार घालण्यापूर्वी चाक हलवून पाहायचे आणि मगच पूजा.

ही परीक्षा अगदी सोपी आहे. गाडी जॅकने उचलून खाली पक्का आधार द्यावा. चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून, आळीपाळीने ढकलावे व ओढावे. दुसऱ्याने त्या वेळी सांध्याला बोटे लावून ठेवावीत. चाक हलते आणि बोटांखाली सांधा खटखटतो, तर तो बदलण्यास आला. वर आणि खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून हलत असेल, तर दोष बहुधा बेअरिंगचा किंवा खालच्या बॉल जॉइंटचा. रबराची टोपी चहूबाजूंनी पाहावी; तिला चीर दिसली तर गोळा ढिला होण्याची वाट पाहू नये. टायर एका कडेने झिजणे, सावकाश वळताना खट्खट् होणे, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सारखे सावरावे लागणे, या खुणा घरातल्या घरात ओळखता येतात. पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत या सांध्यांना ग्रीस भरण्याची तोटी असे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ते कायमचे बंद असतात. त्यामुळे भरण्याचे काम गेले, पाहण्याचे राहिले. हल्लीचे पॉवर स्टेअरिंग हाताला इतके हलके लागते की खालची झीज पूर्वीपेक्षाही उशिरा जाणवते.

अण्णांनी त्यानंतर चार वर्षे गाडी चालवली, आणि एके पाडव्याला आपण होऊन थांबले. त्या वेळी त्यांना कुणी काही सांगावे लागले नाही. ते गेल्यावर गाडी विकली. नियम राहिला.

आता आम्हीही पासष्टीच्या घरात आहोत आणि गाडी, अर्थात निराळी, आम्हीच चालवतो. मागच्या पाडव्याला कन्या स्टेशनपर्यंत एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “बाबा, डावीकडे ओढते आहे.” “छे, काहीतरीच!” हे शब्द आमच्या अगदी ओठांवर आले होते. ते आम्ही गिळले आणि जॅक काढला.

सांधे दोन्ही ठीक निघाले. डाव्या टायरमध्ये हवा कमी होती. रोज चालवीत असूनही आम्हाला ते कळले नव्हते.